ग्लेनिसला आणायला

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. सकाळी ६.१०

निर्णय झाला. ग्लेनिसला आणायला मेलबर्नला जायचं. स्वतः.

बाई गेली होती दोन आठवड्यांसाठी. केरिनच्या गुडघ्याचं ऑपरेशन, म्हणून लेकीच्या सोबतीला. तो मागच्या वर्षीचा सप्टेंबर. तेरा महिने झाले. गुडघा आहे की धरण?

दोष ग्लेनिसचा नाही. ती मुळातच भिडस्त. नाही म्हणता येत नाही तिला. माझ्याशी एकेचाळीस वर्षं संसार केला, एकदाही नाही म्हणाली नाही. केरिनने अडकवून ठेवलंय. शहरात घरकामाला बाई मिळत नाही म्हणतात.

काल फोन केला. म्हणाली, "नेव्ह, मी परत येणार नाहीये." लाइन खराब होती. मधला 'इतक्यात' हा शब्द कापला गेला असणार.

इथे घर उत्तम चाललंय. एक ताट, एक चमचा, एक पातेलं. मुंग्या आहेत, पण शिस्तीत आहेत. वॉशिंग मशीन मात्र ग्लेनिस गेल्यापासून बिघडलंय. सुरू कुठून करतात ते सापडत नाही.

गाडी घेऊनच गेलो असतो, पण गाडी चालवणं मी सोडलं. डॉक्टरने भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. मी न अडखळता वाचला. तक्त्यावर वेगळीच अक्षरं होती असं त्याचं म्हणणं. वाद घालत बसलो नाही. लायसन्स त्याच्या टेबलावर ठेवून निघून आलो. माझी नजर काय आहे ते अख्ख्या येल्बूरा गावाला माहीत आहे. धान्यकोठारावरचा वजनकाटा चौतीस वर्षं सांभाळला मी. ट्रक वळणावर दिसला की वजन सांगायचो. माणसांचंही सांगतो.

तेव्हा ट्रेन. सोमवारची. मंगळवार ग्लेनिसला सामान बांधायला. बुधवारी दोघं परत. रागवायचं नाही असं ठरवलंय. तिने माफी मागितली तर एकदाच मागू द्यायची, फार ताणायचं नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

आजपासून सरकारने घड्याळं एक तास पुढे करायला सांगितली आहेत. दरवर्षीचा चावटपणा. मी करत नाही. सूर्य सरकारी नोकर नाही.

ग्लेनिससाठी भेट घेतली: अर्धी मेंढी, कापून, गोठवून. मोठ्या बर्फाच्या पेटीत बसवली. पेटीसकट सव्वीस किलो. शहरात असलं मटण डोळ्यांनाही दिसत नाही. फुलं वगैरे न्यायचा विचार आला होता, पण फुलं शिजवता येत नाहीत.

सोमवार, ६ ऑक्टोबर

ट्रेन एक तास आधी निघून गेली.

क्लबची डल्सी स्टेशनवर सोडायला आली होती. आमच्या लॉन-बोलिंग क्लबचा बार सांभाळते. वजन एक्क्याण्णव, मन साफ, डोकं बेताचं. सकाळी दारात येऊन हॉर्न वाजवत बसली. मी शांतपणे अंडं खाल्लं. वेळ होता. स्टेशनवर पोचलो तर फलाटावर एक कावळा.

डल्सी म्हणाली, "नेव्ह, अख्ख्या राज्याचं घड्याळ बदललंय रे."

मी म्हटलं, मग राज्याने मला तसं कळवायला हवं होतं.

मग म्हणाली, "जाण्याआधी तिला एक फोन तरी कर."

बायकांना सरप्राइज ही गोष्ट कळतच नाही. उद्या जाईन. मटण परत फ्रीझरमध्ये. अर्धवट सुटलंय, पण मेंढीला काय कळतंय.

मंगळवार, ७ ऑक्टोबर. ट्रेनमध्ये, सकाळी १०

खिडकीची जागा. गहू बरा दिसतोय. शेजारी एक नर्स बसली, पंचावन्नची, वजन अडुसष्ट. तिला कोठारांचं काम कसं चालतं ते समजावून सांगितलं. ओलावा किती टक्के चालतो, शेतकरी काट्यावर काय काय लबाड्या करतात, सगळं. बाई एकाग्रतेने ऐकत होती, डोळे मिटून. दीड तासाने उठून पलीकडच्या डब्यात गेली. तिला ऊन हवं होतं म्हणे. ऊन आमच्याच बाजूला होतं.

११.४०. पेटीला कुठेतरी चीर आहे. गुलाबी पाणी डब्यात मधल्या वाटेने पुढपर्यंत गेलंय. एका लहान मुलीने विचारलं, "कोणाला मारलंत?" तिकीट तपासनीस आला. मी त्याला पेटीत मेंढी आहे एवढंच सांगितलं. त्याने कागदी रुमालांचा गठ्ठा दिला. बाकीचा प्रवास गुडघ्यांवर गेला. तरुण माणसांनी मदत करायला हवी होती. केली नाही. सगळे फोटो काढत होते.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.३०. मेलबर्न

पोचलो. केरिनची इमारत बावीस मजली. दाराशी नुसती बटणं, नावं नाहीत, नंबरच. नंबर घरी राहिला होता. म्हणून सगळी बटणं दाबली. पन्नासेक माणसं एकदम 'कोण आहे' म्हणून ओरडली. मी म्हटलं, "मी नेव्हिल ट्रँटर, येल्बूराचा." कोणी उघडलं नाही. शहर.

शेवटी इमारतीचा केअरटेकर आला. पांढऱ्या मिशा, सत्तरीचा, हातात किल्ल्यांचा जुडगा. ग्रीक असावा. वजन ऐंशी, पोट नाही. त्याने मुकाट्याने पेटी उचलली. विचारलं, "कोणाकडे?"

"मिसेस ट्रँटरकडे. माझी बायको."

त्याने पेटी खाली ठेवली. मग परत उचलली. लिफ्टमध्ये माझ्याकडे बघतच राहिला. एवढा आदर आता कुठे मिळतो?

ग्लेनिसने दार उघडलं. हातातला डाव खाली पडला. सरप्राइज जमलं. केरिन आतून आली आणि म्हणाली, "बाबा, तू फोन का नाही केलास?" लेकीचा हा स्वागताचा सूर. गुडघा मात्र झकास झालाय, ताडताड चालते.

ग्लेनिसने केस कापलेत, आखूड. वाळली आहे. गेली तेव्हा अठ्ठ्याहत्तर होती, आज एकसष्टच्या वर नाही. गाल लाल. ताप असावा. शहराने पार खाल्लं बिचारीला.

तिला सांगितलं, परवा निघायचंय. ती केरिनकडे बघायला लागली. भिडस्तपणा, दुसरं काय.

घर म्हणजे काडेपेटी. खोल्या दोन. केरिनने तिची खोली मला दिली आणि स्वतः बाहेर सोफ्यावर. दुसरी खोली ग्लेनिसची म्हणावी तर तिथे केरिनचं ऑफिस थाटलंय. ग्लेनिस झोपायला शेजारी जाते, ११०३ मध्ये. तिथे कोणी एकटी म्हातारी असणार. म्हणजे बघा, लेकीची मोलकरीण आणि शेजारणीचीही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आज निघणं झालं नाही. ग्लेनिसला दुकानात जायचं होतं. आठवड्यातून तीन दिवस पडद्यांच्या दुकानात कापड कापते. पगारसुद्धा देतात. मी हसलो. मन रमतंय तर रमू दे, शनिवारपर्यंत. पहाटे पोहायला जाते म्हणे, मैत्रिणींबरोबर. चौसष्टाव्या वर्षी! येल्बूरामध्ये तलाव होता. तिथे गेली असती तर लोक काय म्हणाले असते हे मी तिला वेळीच सांगितलं होतं. कधी गेली नाही. इथे कोण ओळखतंय.

दिवसभर रिकामा होतो म्हणून केरिनचं स्वयंपाकघर लावून दिलं. वजनाप्रमाणे. जड खाली, हलकं वर. मसाल्याच्या त्रेचाळीस बाटल्या होत्या, त्यातल्या एकोणचाळीस टाकल्या. ठेवलं ते मीठ, मिरी, मोहरी आणि एक अजून, सुंदर वास होता म्हणून.

दुपारी मटणाचा समाचार घ्यायचं ठरवलं. फ्रीझर बुटाच्या खोक्याएवढा, त्यामुळे मेंढी बाथटबमध्ये बर्फात ठेवली आहे. गॅलरीत लहान शेगडी होती. चार तुकडे टाकले. धूर आत शिरला आणि छतावरचं काहीतरी किंचाळायला लागलं. मग सगळ्या मजल्यांवरचं किंचाळायला लागलं. बावीस मजले जिन्याने उतरले. बंब आले. रस्त्यावर सगळी माणसं मोजली: एकशे चाळीस. सरासरी सत्तर धरली तर नऊ टन आठशे. म्हणजे छोट्या ट्रकचा गहूही नाही. हे बंबवाल्याला सांगितलं. त्याने माझं नाव लिहून घेतलं.

केअरटेकरने सगळ्यांची समजूत काढली. कामाचा माणूस आहे. त्याला केरिनच्या नळाची गळती दाखवली आणि म्हटलं, हे पण बघून टाक. त्याने बाही वर करून वॉशर बदलला. मी दोन डॉलर पुढे केले. घेतले नाहीत. ग्लेनिस दारात उभी होती, तोंड भिंतीकडे. खांदे हलत होते. रडत होती की हसत होती ते कळलं नाही. घरच्या आठवणीने रडत असणार.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

ग्लेनिस मला कॉफीच्या दुकानात घेऊन गेली. ट्रामने. म्हणाली, "नेव्ह, मला घटस्फोट हवाय. वेगळं राहून वर्ष उलटलं, आता अर्ज करता येतो. कागद तयार आहेत."

म्हणजे तीही दिवस मोजत होती. मला बरं वाटलं.

मी घाबरलो नाही. काट्यावर हे रोजचं. शेतकरी ओरडायचे, वजन चुकलं, काटा खोटा, वर तक्रार करतो. मी काही बोलायचो नाही. अर्ध्या तासाने मुकाट्याने पावती खिशात घालून निघायचे. माणसाला आधी थोडं ओरडू द्यायचं असतं.

ती ओरडली नाही, हे मात्र खरं. अगदी हळू बोलत होती. "नेव्ह, ऐकतोयस ना?"

ऐकलं मी. सांगितलं तिला, कॉफी गार आहे, बदलून घे.

ठराव: तिला अजून थोडा वेळ द्यायचा. सोमवारपर्यंत.

रविवार, १२ ऑक्टोबर. दुपारी ४

मेंढीचा प्रश्न सुटला. केरिनला आंघोळ करायची होती, तिने हट्टच धरला. केअरटेकर म्हणाला, "गच्चीवर भाजू या, सगळ्या इमारतीला बोलावू." दुपारी गच्चीवर तीस-चाळीस माणसं. त्याने मटणाला लिंबू, लसूण, कसला तरी पाला चोळला. मी सांगितलं, मीठ पुरे. कोणाचं लक्ष नव्हतं. मटण मात्र माझं होतं, हे मी प्रत्येकाला जाऊन सांगितलं. लोक "थिओ, काय झालंय!" म्हणत त्याच्याच पाठीवर थापा मारत होते. केअरटेकरचं नाव थिओ. ग्लेनिस मटण खात नाही आता. वांगं खाल्लं.

एक चिनी बाई मला म्हणाली, "थिओ आणि ग्लेनिस, दोघं आले आणि आमचा अकरावा मजला जिवंत झाला." मी म्हटलं, केअरटेकर येतो-जातो, ग्लेनिस मात्र सोमवारी निघतेय. बाई ताट उचलून दुसरीकडे गेली. भाषेची अडचण.

मग मी सगळ्यांचं मनोरंजन करायचं ठरवलं. ताटावर चमचा वाजवला आणि नाताळची गोष्ट सांगितली. येल्बूरामध्ये अजून सांगतात ती. दर नाताळला कोठारावर पार्टी असायची. सगळं गाव. जेवणं झाली की मी ग्लेनिसला ट्रकच्या वजनकाट्यावर उभी करायचो आणि भोंग्यावरून वजन सांगायचो. गंमत अशी की तो काटा ट्रकचा, वीस-वीस किलोने मोजतो. ग्लेनिस कधी ऐंशी भरायची, कधी शंभर. मी शंभरच वाचायचो. "माल ट्रँटरचा! ओलावा जास्त!" लोक पोट धरून हसायचे. ग्लेनिस पण हसायची, तोंडावर हात ठेवून. एकोणीस वर्षं केलं.

गच्चीवर कोणी हसलं नाही. शहरातल्या लोकांना धान्यातला ओलावा कळत नाही, तिथे विनोद फसला.

ग्लेनिस म्हणाली, "बावीस वर्षं."

मी म्हटलं, एकोणीस.

"बावीस. डिसेंबर लागला की मी जेवण सोडायचे. तू म्हणायचास उकाड्याने भूक मेलीय. काट्यावर उभी असले की मी खाली बघायचे, पायाखालच्या पत्र्याचे स्क्रू मोजायचे. चोवीस आहेत. तू बोलत असायचास आणि मी एकापासून परत सुरुवात करायचे."

किती बारीकसारीक आठवणी जपल्यात बाईने. मला भरून आलं. पण चूक ती चूक. स्क्रू अठ्ठावीस आहेत. तिथल्या तिथे सांगितलं.

थिओने हातातला चिमटा शेगडीवर ठेवला आणि माझ्याकडे यायला लागला. ग्लेनिस म्हणाली, "राहू दे थिओ, त्याला खरंच कळत नाही." त्याला काय कळत नाही ते मला कळलं नाही. बिचारा परत शेगडीकडे गेला.

सोमवार, १३ ऑक्टोबर. सकाळी ११

आज ११०३ मधल्या म्हातारीला भेटायला गेलो. इतके दिवस बायकोला झोपायला जागा दिली, तर आभार मानावेत आणि आता पुरे हेही सांगावं.

दार थिओने उघडलं. बनियनवर होता. मी म्हटलं, बाई आहेत का? तो म्हणाला, "पोहायला गेलीय. या आत, मिस्टर ट्रँटर. बोलायलाच हवं आपल्याला."

आत एकच खोली, एकच पलंग. पलंगाच्या एका बाजूला ग्लेनिसचा वाचायचा चष्मा. खाली तिच्या चपला. मी सोफा शोधला. ग्लेनिस सोफ्यावर झोपत असणार. सोफा नव्हता.

थिओ म्हणाला, "बसा. कॉफी देतो."

बसलो नाही. नळ अजून थोडा गळतोय एवढं सांगितलं आणि बाहेर पडलो.

दुपारी १२.३०

केरिनला म्हटलं, तुझ्या इमारतीच्या मालकाला कळव, केअरटेकरचं वागणं बरोबर नाही.

केरिन म्हणाली, "बाबा, तो केअरटेकर नाही. ट्राम चालवायचा, निवृत्त झाला. आई त्याच्याबरोबर राहते. मार्चपासून. तुला तीनदा सांगितलंय. दोनदा मी, एकदा आईने. पत्रही लिहिलं होतं तिने."

पत्र आलं होतं. आठ पानी. अक्षर बारीक. पहिल्या ओळीत तब्येत बरी आहे असं होतं, म्हणून पुढे वाचलं नव्हतं.

मी म्हटलं, हे सगळं तुझ्या गुडघ्यापायी झालं.

केरिन हसली. तिचं हसणं आईसारखं नाही, तोंडावर हात ठेवत नाही. "कोणता गुडघा, बाबा?"

मी म्हटलं, ऑपरेशन झालेला.

"डावा की उजवा?"

आठवेना.

"तेरा महिन्यांत एकदा तरी विचारलंस, डावा की उजवा? दुखतो का? चालता येतं का? मला ऑपरेशन झालंच नाही. आईला घरातून निघायला काहीतरी कारण हवं होतं. तू विचारशील म्हणून आम्ही दोघींनी हॉस्पिटलचं नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं. कशाची गरजच पडली नाही."

उजवा म्हणणार होतो. बरं झालं म्हणालो नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सगळी सकाळ विचार केला. अशा वेळी पुरुषाने मोठं मन दाखवावं. ग्लेनिसला खाली बागेत बोलावलं आणि प्रस्ताव मांडला. घरी भांडी धुवायचं मशीन घेऊ. तलावावर जायला परवानगी, आठवड्यातून एकदा, दुपारी, गर्दी नसताना. वजनाचा विषय बंद. थिओबद्दल एक अक्षर काढणार नाही, गावाला सांगायचं की गुडघा चिघळला होता.

याहून जास्त कोणता नवरा देईल?

ग्लेनिस बाकावर माझ्या शेजारी बसली. मला वाटलं, आता पावती खिशात घालणार.

म्हणाली, "तू वाईट माणूस नाहीस असं मी लोकांना खूप वर्षं सांगत आले, नेव्ह. केरिनला सांगितलं, माझ्या बहिणीला सांगितलं. इथे आले आणि लक्षात आलं, इथे कोणी विचारतच नाही. इतकं हलकं वाटलं."

हलकी झाली आहेच. एकसष्ट. हे तिला सांगितलं. कौतुक म्हणून.

ती उठली. आत जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला असं वाटलं. नंतर कळलं, तिथे मुंगी होती, ती झटकली. घरून माझ्याबरोबर आली असणार.

संध्याकाळी केरिनने पाकीट दिलं. "यावर सही कर. तू कबूल आहेस असं नाही, कागद मिळाले एवढंच." मी सही केली. चष्मा नव्हता, ओळ सापडेना. केरिनने माझं बोट धरून ओळीवर ठेवलं. लहानपणी मी तिला असं लिहायला शिकवलं असेल बहुतेक. की ग्लेनिसने.

बुधवार, १५ ऑक्टोबर. ट्रेनमध्ये

परत निघालो. थिओने बॅग आणि रिकामी पेटी स्टेशनपर्यंत आणली. नको म्हटलं होतं. ट्राममध्ये त्याला सगळे ड्रायव्हर हात करत होते. फलाटावर म्हणाला, "माझी बायको गेल्यावर मीही वर्षभर बडबडत होतो, मिस्टर ट्रँटर. कोणी ऐकलं नाही तरी." मी म्हटलं, माझी बायको गेलेली नाही. त्याने बॅग वर ठेवून दिली.

शेजारची सीट रिकामी. समोरचीही.

निर्णय: ग्लेनिसला काही दिवस तिथेच राहू द्यायचं. निर्णय माझा. क्लबमध्ये काय सांगायचं ते लिहून काढलं: 'केरिनची तब्येत पाहता मी ग्लेनिसला तिथेच थांबायला सांगितलं आहे.' तीनदा वाचलं. ठणठणीत आहे. शनिवारी सगळे असतात, तेव्हा वाचून दाखवायचं.

शनिवार, १८ ऑक्टोबर. दुपारी ४

क्लबमध्ये वाचून दाखवलं.

सगळे आपापल्या ग्लासात बघायला लागले. एक-दोघं बाहेर हिरवळीवर गेले, चेंडू वाळले का बघायला म्हणे. पाऊस नव्हता.

डल्सी काउंटर पुसत होती. म्हणाली, "बस नेव्ह. आम्हाला माहीत आहे."

मी म्हटलं, काय माहीत आहे?

"ती परत येणार नाही ते. मागच्या सप्टेंबरातच माहीत होतं. इथेच तर निरोप दिला तिला. अख्खं गाव आलं होतं."

मी म्हटलं, मला न कळवता?

"तू होतास की. दारात उभा होतास. तुझ्यापासून लपवायचं म्हणून तुला सांगितलं होतं की साधं चहापान आहे. तू आत आलास, माणसं बघितलीस आणि तुला वाटलं क्लबच्या तुझ्या अध्यक्षपदाला दहा वर्षं झाली म्हणून."

झालीच होती. नऊ वर्षं सात महिने.

"उठलास आणि भाषण सुरू केलंस. मी थांबवणार होते, ग्लेनिसने मान हलवली. करू दे म्हणाली. चाळीस मिनिटं बोललास. तिची बॅग माझ्या गाडीत होती. केकवर तिचं नाव होतं, नेव्ह. एवढं मोठं."

मला तो दिवस आठवतो. चष्मा घरी राहिला होता. टाळ्या खूप पडल्या. बायका डोळे पुसत होत्या, भाषण चांगलं झालं म्हणून. केक कापायला मीच ग्लेनिसला बोलावलं.

तिने कापला. पहिला तुकडा मला दिला.

मी म्हटलं होतं, एवढासाच?